पाठीवरची पट्टी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला, तो कलम दोनमध्ये येईल. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डोळ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, पण सुईत दोरा मी अजून पहिल्या झटक्यात ओवते.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा." थोडक्यात आयुष्यभर गप्प बसले. आता सविस्तर लिहिते.

माझे पती बस कंडक्टर होते. मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी तीनची असताना ते वारले. मागे राहिले त्यांचे मनगटी घड्याळ, माझ्या नावावर घेतलेले हे दोन खोल्यांचे घर आणि एक शिवणयंत्र. त्या यंत्रावर मी दोन्ही मुले वाढवली. घर आणि घरातील चीजवस्तू यांवर माझ्याखेरीज कोणाचाही हक्क नाही. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. मुलाने माझ्या सहीचा एखादा कागद काढून दाखवल्यास तो खोटा समजावा आणि त्याला तसे तोंडावर सांगावे.

कलम १. माझी सोन्याची साखळी आणि बँकेत असेल नसेल ती शिल्लक मुलीला द्यावी. ती परगावच्या रुग्णालयात कपडे धुण्याच्या विभागाची मुकादम आहे. घराबद्दल मी तिला आधी विचारले. ती फोनवर म्हणाली, "आई, घर तुला वाटेल त्याला दे. फक्त दादाच्या संस्थेला देऊ नकोस." तेव्हा तिची हरकत नाही, हे नोंदवून ठेवते.

कलम २. घर.

शेजारची शाळा सुरू झाली तेव्हा ती पत्र्याची एक शेड होती. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी ती काढली होती, खडी फोडणाऱ्यांच्या आणि कचरा वेचणाऱ्यांच्या मुलांसाठी. खांद्याला पिशवी अडकवून ते दारोदार फिरत आणि मिळेल ते आणत. एके दिवशी कापडाचा तागा घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "बाई, गणवेश असा शिवा, की पोर रस्त्यानं चाललं तर कुठल्या शाळेचं हे कळावं. कुणाच्या दयेचं, हे कळू नये."

तसाच शिवत आले. खाली चार बोटे दुमड सोडायची, पोर वाढले की उसवून लांब करायचे. माझा मुलगाही त्याच शेडमध्ये सातवीपर्यंत फुकट शिकला, मी शिवलेल्याच शर्टात.

गुरुजी गेले आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेवर अध्यक्षबाई आल्या. त्यांचे श्रेय त्यांना देते. पक्की इमारत त्यांनी उभी केली, शिक्षकांचे पगार वेळेवर होऊ लागले, दुपारचे जेवण सुरू झाले, एका शाळेच्या अकरा शाळा झाल्या. देणगी कशी मिळवावी हे त्यांना कळते, आणि पिशवी अडकवून फिरण्यापेक्षा ते बरे, असे मीही म्हणत होते. माझ्या मुलाला त्यांनी देणगी विभागात नोकरी दिली तेव्हा मी त्यांच्यासाठी पडदे शिवून नेले होते.

सोळा वर्षांपूर्वी मुलगा एक गठ्ठा घेऊन घरी आला. लाल कापडाच्या पट्ट्या, वीतभर रुंद, वर पांढऱ्या अक्षरांत एका रंगाच्या कारखान्याचे नाव. कारखान्याचा मालक पाच वर्षे गणवेश देणार होता. पट्टी प्रत्येक शर्टाच्या पाठीवर लावायची, ही कल्पना माझ्या मुलाची.

मी म्हटले, "हे काय रे? पोरं आहेत की भिंती?"

"आई, नाव लावल्यानं कापड फाटत नाही. त्या पट्टीवर तीनशे पोरं वर्गात बसतात."

"मग तूही एक लाव पाठीवर."

"मी कशाला? मी काय फुकट शिकतोय?"

हे वाक्य त्याने याच घरात, शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उच्चारले. मला तेव्हाच त्याच्या मुस्काटात द्यायला हवी होती. दिली नाही. बत्तीस वर्षांचा होता, नोकरीला होता, सुनेला दिवस गेले होते. मी पट्ट्या शिवल्या. सगळ्या शर्टांना, दुहेरी टीप मारून, निघू नयेत अशा. मृत्युपत्रात खोटे लिहायचे नसते म्हणून हेही लिहिते.

महिन्याभरात बाजारात आमच्या मुलांना कारखान्याच्या नावाने हाका मारू लागले. दुकानातून पेन्सिली चोरीला गेल्या की पट्टीवाल्या कोणत्याही पोराची मानगूट धरायची. चोर पळून जायचा, पट्टी मार खायची.

सातवीत एक मुलगी होती. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून मी तिला टाचणी म्हणत असे. आई खडीवर. गणितात ती वर्गाच्या पुष्कळ पुढे होती. माझ्याकडे कापड बेतताना उभी राहायची आणि सांगायची, "आजी, बाही आडवी ठेवा, एक कॉलर जास्त निघेल." निघायची.

ती एका दुपारी आली, शर्ट काढून माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "हे नाव काढून द्या."

"का गं? कोणी काही बोललं?"

"बोलतात ते जाऊ द्या. पाठ माझी आहे ना?"

मी उसवायला घेतले. दुहेरी टीप माझीच, मलाच अर्धा तास लागला. पट्टी निघाली तरी भोकांची चौकट राहिली. तिने ती बोटाने चाचपली आणि शर्ट अंगात घातला.

पुढच्या आठवड्यात देणगीदारांचा दिवस होता. त्या दिवशी फोटो काढायची पद्धत अशी, की मुलांनी व्यासपीठावर ओळीने उभे राहायचे आणि पाहुण्यांकडे पाठ करायची, म्हणजे नाव दिसते. तोंडे कोणालाच नको होती. सगळ्या लाल पट्ट्यांमध्ये एक पाठ कोरी. कारखान्याचे मालक हसून म्हणाले, "हिचं काय झालं?" हसून म्हणाले, हे मी स्वतः ऐकले आहे. त्या माणसाला राग आलाच नव्हता. राग आला अध्यक्षबाईंना.

पट्टी कोणी काढली हे टाचणीने सांगितले नाही. तेरा वर्षांचे पोर, कार्यालयात तासभर उभे केले, तरी माझे नाव तिच्या तोंडून आले नाही. माझ्या मुलाला मात्र पहिल्याच नजरेत कळले होते. इतके नीट उसवणारे हात गावात दोनच, आणि ते दोन्ही माझे.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. तो टेबलाशी बसून पत्र टाइप करत होता. मथळा होता: "संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान केल्याबाबत".

मी म्हटले, "पट्टी मी काढली. माझं नाव लिही."

तो उठून दार लावून आला. "आई, हळू बोल. घरी जा. एका पोरीचा प्रश्न आहे, माझी नोकरी जाईल."

मी तशीच अध्यक्षबाईंच्या खोलीत गेले आणि त्यांनाही तेच सांगितले. त्यांनी मला पाणी दिले. म्हणाल्या, "बाई, तुमचं मन मोठं आहे, तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलताय. तुम्ही शिवायचं बघा, शाळेचं आम्ही बघतो."

खरे बोलून खोटी ठरण्याची ही माझ्या आयुष्यातली एकच वेळ.

टाचणीचे नाव शाळेतून कमी केले. दुसऱ्या शाळेत घालावे, तर शाळा सोडल्याचा दाखला हवा. तो माझ्या मुलाच्या कपाटातून बाहेर यायला चार महिने लागले. तिची आई रोज सकाळी खडीवर जाण्याआधी फाटकाशी उभी राहायची. "साहेब आले नाहीत," असे शिपाई सांगायचा. साहेब म्हणजे माझा मुलगा, आत बसलेला. दाखला मिळाला तोवर वर्ष बुडाले होते आणि मुलगी खडीवर लागली होती. तिचे नाव कमी केले त्याच दिवशी मी संस्थेचे काम बंद केले होते. कोणाला फरक पडला नाही, पट्ट्या दुसरीकडे शिवून येऊ लागल्या.

दोन वर्षांनी मी तिला खडीवरून ओढून आणले आणि शिवण शिकवले. आज ती एकोणतीस वर्षांची आहे, कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात कापड बेतण्याच्या टेबलाची प्रमुख आहे. लोक मला म्हणतात, "बघा, शेवटी चांगलंच झालं ना? तुम्ही पोरीचं आयुष्य घडवलंत." असे म्हणणाऱ्याने माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. त्या मुलीच्या डोक्यात काय काय मावले असते, ते मला बेतता येत नाही, आणि मी आयुष्यभर बेतण्याचेच काम केले आहे.

आता संस्थेला हे घर हवे आहे. भिंत पाडून इथे मोठे प्रवेशद्वार करायचे आहे, म्हणजे देणगीदारांच्या गाड्या आत येतील. मुलगा बक्षीसपत्राचा कागद घेऊन तीनदा आला. तिसऱ्यांदा नोटरीच्या पेढीवरचा माणूस, शिक्का आणि पेन सगळे बरोबर होते. म्हणाला, "आई, दारावर तुझं नाव लावणार आहेत. 'संस्थेच्या पहिल्या शिवणकाम करणाऱ्या माता.' संगमरवरात." मी विचारले, "पाठीवर की पोटावर?" तो समजला नाही. मी पेन खिडकीतून रस्त्यावर फेकले. पेढीवरच्या माणसाला चहा पाजला, त्याचा काही दोष नव्हता.

तरी हे घर, दोन्ही खोल्या, मागची मोरी आणि भिंतीच्या अलीकडची वीतभर जागा धरून, मी टाचणीला देत आहे. तिचे कागदोपत्री नाव वकीलबाईंच्या सोबतच्या पानावर आहे. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आजी, मला उपकार नकोत."

मी म्हटले, "उपकार कसले? माझ्या हातून वाईट शिवलं गेलं, ते उसवते आहे."

"उसवलं तरी भोकं राहतात," ती म्हणाली. मग बराच वेळ माझ्या यंत्राचे चाक पुसत बसली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मी ते हो धरले आहे.

घर देताना मी कोणतीही अट घालीत नाही. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे. दारावर माझे नाव तेवढे लावू नये, ही अट नव्हे, विनंती. द्यायला हात पुढे केला म्हणजे घेणाऱ्याच्या पाठीवर हक्क आला, असे मी मानत नाही.

कलम ३. शिवणयंत्र समोरच्या झाडूवालीच्या सुनेला द्यावे. दोन वर्षे माझ्याकडे शिकते आहे, काज अजून वाकडे करते, पण करते. मोठी कात्री तिलाच. त्या कात्रीने कागद कापल्यास परत घ्यावी.

कलम ४. संस्थेस: काही नाही. शाळेतल्या मुलांशी मात्र माझे भांडण नाही. कपाटात साध्या पाठीचे चाळीस शर्ट शिवून ठेवले आहेत, लहानमोठ्या मापांचे, दुमड सोडलेले. ते कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराकडे ठेवावेत. जे पोर मागेल त्याला द्यावा. कोणाचे मूल, कोणत्या शाळेचे, हे विचारू नये. यादी करू नये. फोटो काढू नये.

कलम ५. माझ्या मुलास. त्याच्या वडिलांचे घड्याळ त्याला लहानपणापासून हवे आहे, आणि ते त्याचेच आहे. परंतु कात्रीची सोडल्यास या मृत्युपत्रातील एकमेव अट मी इथे घालीत आहे. त्याच्या मापाचा एक शर्ट मी शिवला आहे. पाठीवर लाल पट्टी आहे, त्या गठ्ठ्यातलीच, दुहेरी टीप. तो घालून त्याने या दारापासून भाजीबाजारापर्यंत भरदिवसा चालत जावे, शेरभर कांदे घ्यावेत आणि चालत परत यावे. कोट वर घालू नये. औषध दुकानदाराने दुकानाच्या पायरीवरून पाहावे आणि मग घड्याळ द्यावे. न गेल्यास घड्याळ नातीला द्यावे. तिचा यात काही संबंध नाही, आणि ती माझ्याशी अजून बोलते.

कलम ६. मी गेल्यावर संस्थेने शोकसभा घेऊ नये. घेतल्यास सभेत उठून हे मृत्युपत्र वाचण्याचा अधिकार मी माझ्या मुलीला देत आहे. तिचा आवाज मोठा आहे.

हे सगळे मी रागात लिहिले, असे माझा मुलगा कोर्टात म्हणेल. बरोबर आहे, रागातच लिहिले. डॉक्टरांनी दाखला दिला तेव्हाही मी रागातच होते, आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांना तरीही दिसले. सोळा वर्षे हा राग मी रोज सकाळी उठून नीट घडी घालून ठेवला आहे. त्याला एक सुरकुती नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, तो माझ्या मनासारखा आहे.

सही: शिवणकाम करणारी, या घराची मालकीण.

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषध दुकानदार. सही केली. कलम ५ वाचून त्यांना ठसका लागला होता, म्हणून सहीतले दुसरे अक्षर वाकडे आहे.

साक्षीदार दुसऱ्या: शाळेतल्या गणिताच्या निवृत्त बाई. यांना मी मुद्दाम बोलावले. पूर्ण कागद वाचून त्या पेन हातात धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हजेरीपटावरून तिच्या नावावर रेघ मी ओढली होती. पट्टीनं, सरळ. मला सांगितलं आणि मी ओढली. वर्गात ती समोर बसली होती."

मी म्हटले, "ठाऊक आहे मला."

"मग मलाच का बोलावलंत?"

"तुम्हीही तिथं होतात म्हणून. हेही कागदावर येऊ दे."

"माझं नाव या कागदावर आलं तर संस्थेत कळेल. माझी मुलगी तिथंच शिकवते."

"कळू दे," मी म्हटले. "माझा मुलगा तिथंच आहे."

त्यांनी चष्मा काढला, पदराने नव्हे, हाताच्या तळव्याने डोळे पुसले आणि सही केली. आद्याक्षरे नाहीत, पूर्ण नाव.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता.