नलूची खळ आणि दगडूचं नातं

लालबाग, मंगळवार

वडील वन्सं सुभद्राबाईंच्या पायांवर राधाचं डोकं. गुडघे कसे आहेत तुमचे? जीभ चांगलीच असणार, तिची काळजी मी करत नाही. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, ही देवाची कृपा आणि तुमच्या फणसपोळीची.

आपली नलू आता काठी न घेता नळापर्यंत जाते (नात तुमच्या भावाची, म्हणून हट्टी). डोळ्यापुढचा धूरही गेला. परत येऊ शकतो म्हणतात, पण आज नाही ना, बस झालं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. ते नलूनेच लिहून दिलं, माझ्या तोंडात मावत नाही. परळच्या डॉक्टरीणबाई वायर नि रबर सांगून समजवायला लागल्या. मी म्हटलं, बाई, खळ म्हणा की! तुमचे भाऊ जन्मभर गिरणीत सुताला खळ चढवत होते. खळ उडाली की मागावर सूत तुटलंच. तसं नलूच्या नसांवरचं वेष्टण तिच्याच अंगातले राखणदार खरवडतात (असले राखणदार गिरणीतही होते). ही खळ करायची कृती आईबापांकडून येते. ती घराघरात जराशी वेगळी असते का आणि त्याने आजाराचा धोका वाढतो का, ते बाईंना बघायचंय. वाढला तरी थोडाच, म्हणाल्या, नुसत्या तेवढ्याने कोणी आजारी पडत नाही. त्यासाठी नात्यातल्यांचं रक्त हवं, जेवढे याल तेवढं बरं.

मी घोडपदेवला आपल्या गावकीच्या खोलीवर निरोप धाडला. तिथला दगडू आणि खोलीवरचे झाडून सगळे उपाशीपोटी, आंघोळ करून, देवाच्या कौलाला निघाल्यासारखे नारळ घेऊन हजर! बाईंचा चेहरा फुलला. मग विचारलं, आजी तुमच्या कोण? दगडू म्हणतो, "आमच्या वाडीच्या." रक्ताचं नातं काय? "ओ बाई, आडनाव एक, देव एक, संपात एका टोपातली पेज प्यायलो. आणखी काय पाहिजे?" (संप तोच, गिरण्यांचा, जो अजून कोणी मागे घेतलेला नाही.)

मला वाटलं, आता हाकलतात. तर बाई हसल्या. म्हणाल्या, ताडून बघायला नात्यात नसलेली धडधाकट माणसंही लागतात, आणि ती आपल्याच मुलखातली लागतात. सगळ्यांचं रक्त घेतलं. दगडूच्या बाटलीवर 'नात्यात नाही' असं लिहिलं ते मात्र त्याला लागलं, बिस्कीट खाईना. पण वन्सं, नलूचे पाय गेले होते तेव्हा हीच माणसं तिला खुर्चीत बसवून जिना उतरवत होती, तेव्हा नातं कोणी विचारलं नव्हतं. त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. त्यांनाही ते कळलंय, दर रविवारी मटणाला येतात.

तुमची भावजय,
राधा

ता.क. माझं, पोराचं आणि सुनेचं रक्त घेऊन झालं. तुमच्या भावाच्या पाठची-पुढची एकट्या तुम्हीच उरलात. शिमगा झाला की या.

आणखी ता.क. तुम्ही कौल लावून कळवलंत की हा दोष सुनेच्या माहेरचा. बाई म्हणतात, कृती दोन्हीकडून येते आणि दोष कुणाचाच नाही. तुमचं पत्र आल्यापासून आपली सून कांता ताटावर बसते नि तशीच उठते. लेक उभी राहिली, तर आई सुकायला लागली.

शेवटचा ता.क. तुमचं रक्त गावच्या दवाखान्यातूनही मागवता येतं, मी विचारून घेतलंय. तरी तुम्ही याच. रक्त द्या नाहीतर नका देऊ. कांताच्या हातचं जेवा, आणि सगळ्यांसमोर तिच्याकडे आणखी भात मागा.