हिमशिखर न चढल्याबद्दल सत्कार नको

पाचोरा, मंगळवार

तीर्थस्वरूप झुलालनाना यांस,

धाकट्या ज्योत्स्नाचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर उतरली का? तुमच्या सुलक्षणाच्या साखरपुड्याला आचारी ठरला का? मी खुशाल आहे, हिमाचलातून हातापायांची वीसच्या वीस बोटं परत आणली आहेत. (फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो नाना' म्हणते. पत्रात तुम्हाला मधेच बोलता येत नाही.)

तर नाना, पत्र मिळताच सोनगीरच्या फाट्यावरचा तो फ्लेक्स उतरवा. 'सोनगीरची कन्या, हिमशिखर विजेती!' मी शिखरावर गेलेच नाही. दोन तासांची चढण उरली असताना परत फिरले. तुम्ही फ्लेक्स लावलात त्या दिवशी तर मी भुसावळच्या पुढे गाडीत शेंगदाणे खात होते. (त्यावर माझ्यापेक्षा तुमचा फोटो मोठा आहे आणि मागे तळ्यात बदकं पोहताहेत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.)

झालं असं, की दोन दिवस बर्फ पडला होता आणि वर वारा सुटला होता. आमचे वाटाडे ठाकूरजी, साठीचा अबोल माणूस, त्यांनी उतारावर छातीइतका खड्डा खणला. बर्फात थर असतात नाना. वरचा थर घट्ट होता, पण तळाचा साखरेसारखा, मुठीत दाबला तरी न चिकटणारा. मग त्यांनी बर्फाचा एक खांब कापून सुटा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि थापट्या मारल्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून दहा. जितक्या कमी थापट्यांत खांब सरकेल तितका धोका जास्त. आमचा कोपराच्या तिसऱ्या थापटीला सरकला. पुढे गेलो असतो तर अख्खा उतार असाच आमच्यासकट सरकला असता.

बरोबरचे पुण्याचे चौघे म्हणाले, काही होत नाही, चला. मला मात्र आपल्या ओसरीतला कापूस आठवला. दर चढेपर्यंत छताला टेकवून ठेवलेला तो ढीग, आणि तुम्ही तळातून ओढायला गेलात. गळ्यापर्यंत गाडले गेलात, आबांनी केसाला धरून काढलं. (हेही फ्लेक्सवर नाही.) मी म्हटलं, मी येणार नाही.

ठाकूरजींचा नियम असा, की एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. पाच मिनिटांत सगळे उतरायला लागले. नाना, मी बावन्न वर्षांची झाले, अर्धं आयुष्य पोरांना भूगोल शिकवला, पण माझ्या 'नाही'वर माणसं मागे फिरली ती आयुष्यात पहिल्यांदा. भीती वाटली होती, तेही सांगते. पण खाली येऊन रडले ती भीतीने नाही, अभिमानाने. तेव्हा रविवारी जीपवर उभं राहून हार घालून घ्यायला मी येणार नाही, भिकन बँडवाल्याला तसं कळवा. काल तुम्ही फोनवर ओरडलात, "मी बठ्ठा गावले सांगी टाकेल शे!" तर आता त्याच सगळ्या गावाला हेही सांगा, की ज्योत्स्ना परत फिरली आणि तिला त्याची लाज नाही.

तुमची बहीण,
ज्योत्स्ना

ता.क. पत्राचं खरं काम फ्लेक्सचं नाही. चाळीसगावच्या स्थळाला सुलक्षणाने 'नाही' म्हटलं आहे. वहिनींनी तिला मनगटातून समजावलं, थोरल्या अक्कांनी कोपरातून, आता तुम्ही खांदा उचलला आहे. साखरपुडा थांबवा नाना. तिचं एक 'नाही' पुरे.

पुन्हा ता.क. 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून निघालेली सुलक्षणा परवापासून माझ्याकडे आहे. वरचं सगळं तिने वाचलं. म्हणाली, आत्या, पप्पांना नियमाचं शेवटचं कलम परत लिहा. लिहिते. रुसायचं नाही.