फ्रिजवर लावलेली सहल

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ठरलं! दोनच दिवस, पण आम्ही दोघंच. जुन्या पेठेत पायी फिरायचं, विणकरांकडे माग बघायचे, एका आजींच्या स्वयंपाकघरात तिथला स्वयंपाक शिकायचा आणि तिथेच जेवायचं. बेत कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय. दुसरा इलाज नाही – नवरा पहाटे तीनला बेकरीत कामाला जातो आणि मी चष्म्याच्या दुकानातून परत येते तेव्हा गाढ झोपलेला! अकरा वर्षं आमचा संसार फ्रिजच्या दारावर चाललाय. दूध संपलं, गॅस येणार आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छा. पटलं की हा बरोबरची खूण करतो, नाही पटलं तर फुली.

बुधवार, ५ फेब्रुवारी
सगळ्यावर खूण! मागांवरसुद्धा! दुकानात दिवसभर उगाच हसत होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
नणंदेचा फोन. "दादा आणि सहल? वहिनी, त्याला एक उशी दे, झाली त्याची सहल!" मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र लागलं.
स्वयंपाक शिकवणाऱ्या आजींनी विचारलंय, तिखट किती चालतं, काय वर्ज्य आहे. माझं पटकन लिहिलं. ह्याला वांगं चालतं का, ते आठवेना. हा जेवताना समोर बसून किती दिवस झाले, तेही आठवेना.

रविवार, ९ फेब्रुवारी
सुट्टी. हा दुपारपर्यंत झोपला, मग टीव्हीपुढे.
"बेत कसा वाटला?"
"चांगलाय की."
"वांगं चालेल?"
"तू ठरव."
तू ठरव, तू ठरव! वैताग आला. गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढले. न वाळलेलेही काढले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
नवा कागद लावला. गाडीची वेळ, पेठ, आजी – सगळं तेच. मध्येच एक ओळ घुसडली: 'शनिवार, दुपारी चार – नवरा बदलून घेणे.' दुकानातली मैत्रीण म्हणाली, "आता बघ कसा धावत येतो!"

बुधवार, १२ फेब्रुवारी
त्या ओळीवरही खूण. बारीक, नीटनेटकी.
म्हणजे हा वाचतच नाही! इतकी वर्षं मी कोणाला लिहीत होते? आज एक बाई नंबर तपासायला आल्या, त्यांना अक्षरं वाचायला लावली आणि माझेच डोळे भरले. त्या बिचाऱ्या घाबरल्या, माझी नजर इतकी वाईट आहे का म्हणाल्या! एकटं वाटतं. दारात दोन चपलांचे जोड आहेत, तरी वाटतं.

रविवार, १६ फेब्रुवारी
आज कागद त्याच्यापुढे धरलाच. "खूण करण्याआधी वाचत तरी जा रे!"
त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "वाचूनच केली. मला वाटलं, तुझं ठरलंय."