खुर्ची गिऱ्हाइकाची

३ मार्च

तीर्थस्वरूप आक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारतेस आणि मी ठीक आहे म्हणून फोन ठेवतो, अशी तुझी तक्रार. म्हणून आज सगळं लिहून कळवतो, म्हणजे भांडायला तुझ्या हातात पुरावा राहील.

छातीतलं दुखणं अंजायनाच, म्हणजे हृदयाचंच निघालं. इतकी वर्षं याच दुखण्यावरून मी तुला नाजूक म्हणून चिडवलं, त्याची फेड झाली. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या दिल्यात. छातीत आवळून आलं की एक ठेवायची. काचेची बाटली काउंटरवर दिसली की गिऱ्हाइकं चौकशा करतात, म्हणून गोळ्या पावडरच्या जुन्या डबीत ओतल्या आणि डबी पाणी तापवायच्या हीटरशेजारी ठेवली. डोकं दुखेल, चक्कर येईल, बसून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला यातलं काहीच होत नाही. आवळणं तेवढं जरा रेंगाळतं. घेतो ती उभ्यानेच. वडिलांचा नियम तुला ठाऊक आहे: खुर्ची गिऱ्हाइकाची, उभं राहणं न्हाव्याचं. आजवर मी दुकानात एकदाही टेकलेलो नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

पोरगी मजेत आहे. केस माझ्यासारखेच कापते. वस्तरा मात्र अजून माझ्याच हाती.

लोभ आहेच, तो तुझ्या रागालाही पुरून उरो.
तुझा,
ठेंगू

९ मार्च

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या अक्षराचं कौतुक वाटलं, अकलेचं नाही. त्या गोळ्या काचेच्या बाटलीत देतात ते शोभेसाठी नाही. डबीत ओतल्या, वर हीटरची ऊब आणि वाफ दिली, की त्यांचा जोर उडून जातो. तुझं डोकं दुखलं नाही ते तू पैलवान आहेस म्हणून नव्हे, गोळ्यांतच जीव उरला नसणार म्हणून. त्या टाकून दे, नवी बाटली आण आणि झाकण घट्ट लाव.

गोळी गिळायची नाही, चघळायची नाही. जिभेखाली विरघळू द्यायची, आणि बसून. तिने रक्तदाब उतरतो. उभा माणूस आडवा होतो. पाच मिनिटांत दुखणं हटलं नाही किंवा वाढलं, तर थेट रुग्णवाहिका बोलवायची. हातातली दाढी पुरी करत बसायचं नाही.

आणखी एक. तुझ्या दुकानात पुरुषमंडळी कुजबुजत एकमेकांना जोमाच्या गोळ्या सुचवतात, हे मला माहीत आहे. तसली गोळी पोटात असताना ही घेतली तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस हाती लागत नाही. कधी घेतली असशील तर डॉक्टरांना सांग. लाजू नकोस, तुझी दुपटी मी धुतली आहेत.

माया आहे म्हणून बोलते, हे लक्षात असू दे.
आक्का

१६ मार्च

तीर्थस्वरूप आक्कास,
सा. न. वि. वि.

नवी बाटली आणली. काल गोळी घेतली आणि डोक्यात घण पडू लागले, म्हणजे तू जिंकलीस. छाती मात्र लगेच मोकळी झाली. तसल्या गोळ्यांचं म्हणशील तर मी त्या वाटेला गेलेलो नाही. तुझं वाक्य दोघा गिऱ्हाइकांना ऐकवलं, दोघांनीही लगेच क्रिकेटचा विषय काढला.

बसण्याचं मात्र जमायचं नाही. खुर्चीत गिऱ्हाईक, बाकावर गिऱ्हाईक, मी काय बादलीवर बसू?

लोभ कमी करू नकोस, उपदेश केलास तरी चालेल.
ठेंगू

२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबा तुला हे कळवणार नाही, म्हणून मी लिहिते. परवा खुर्चीत गिऱ्हाईक असताना त्याने उभ्यानेच गोळी घेतली. बघता बघता चेहरा पांढरा पडला, तो कोसळला आणि बेसिनच्या कडेवर कपाळ आपटलं. वस्तरा फरशीवर पडला. गिऱ्हाइकाला काही लागलं नाही, हे नशीब. शुद्धीवर येताच बाबा म्हणाला की फरशी ओली होती. फरशी मीच पुसली होती, आत्या, कोरडी ठणठणीत होती.

मी त्याच्यासाठी स्टूल आणलं, त्यावर तो टॉवेल रचतो. हातापाया पडून झालं. पुढच्या वेळी त्याचं डोकं फुटेल, नाहीतर कुणाचा गळा चिरेल. मला बाबा हवा आहे, त्याचा नियम नको. तूच काहीतरी सांग.

तुझी माया माझ्यावर जरा जास्तच असू दे.
चिमणी

२५ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

आधी त्याला डॉक्टरांकडे ने आणि पडल्याचं सांग. डोकेदुखीबद्दलही विचार, कंटाळून त्याने गोळ्या सोडायला नकोत.

स्टुलावर टॉवेलच पडणार. ते त्याला आजाऱ्याचं आसन वाटतं. विनवणीला तो पाळण्यात असल्यापासून बधलेला नाही. पण दुकानाची रीत त्याने कधी मोडली नाही, आणि ती रीत त्याच्याइतकीच तुलाही येते. पुढचं तुझं तू बघ.

घाबरू नकोस, आपण दोघी आहोत.
आत्या

२ एप्रिल

तीर्थस्वरूप आक्कास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी तुझ्याच सुरात झापलं. पण पत्राचं कारण वेगळं आहे.

काल न्यायाधीशसाहेब आले होते. निवृत्त झाले तरी दाढी माझ्याच हातची लागते. उजवा गाल झाला आणि छातीत आवळलं. मी बाटलीकडे हात नेला, तोवर चिमणीने माझ्या हातून वस्तरा काढून घेतला होता. साहेबांना तिने तोंडाच्या फेसासकट बाकावर नेलं, भिंत आणि डोकं यांच्यामध्ये टॉवेलची घडी दिली. मग खुर्चीपाशी आली, कापड झटकलं, उशी सारखी केली आणि मला म्हणाली, बसा.

घरी ती मला अरेतुरे करते, आक्का. हे ‘बसा’ आपल्या दुकानातलं होतं, वडिलांचं आणि माझं. त्या शब्दाला या दुकानात कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. मी बसलो.

गोळी जिभेखाली ठेवून आरशात बघत राहिलो. ती साहेबांचा डावा गाल करत होती. मी चूक शोधत होतो, खोटं कशाला बोलू. मनगट पाहिलं, वस्तऱ्याचा कोन पाहिला. हनुवटीखाली तर मीही श्वास धरतो, तिने धरला नाही. चूक सापडेना. छाती केव्हा मोकळी झाली तेही कळलं नाही. डोकं ठणकत होतं आणि मी खुशाल हसत होतो.

साहेबांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि निकाल दिला: डावा गाल फार छान झाला आहे, तेव्हा उजवाही हिनेच पुन्हा करावा. उभ्या जन्मात असा अपमान झाला नव्हता, आणि असा आनंदही.

वडिलांचा नियम मोडलेला नाही. खुर्ची गिऱ्हाइकाचीच. साहेब गेल्यावर मी तिला म्हटलं, आता बसलोच आहे, तर माझीही दाढी करून टाक.

लोभ असावा. विश्वास नसेल, तर येऊन माझ्या गालावरून हात फिरवून बघ.
तुझा,
ठेंगू