कवळी आणि सॅक्सोफोन

लालबाग, मंगळवार संध्याकाळ

नवी कवळी बसली म्हणून घरात सगळे खूश. दुपारी भाकरी आणि सुकट खाल्ली. डॉक्टरांना सॅक्सोफोनचं विचारायचं राहून गेलं, की मीच मुद्दाम विचारलं नाही?

चाळीच्या गणपतीत वाजवायचं कबूल करून बसलोय. संध्याकाळी सॅक्सोफोनची पेटी उघडली. लहानपणी बँडच्या सरांनी शिकवलं होतं तसा खालचा ओठ आत दुमडला, वरचे दात माउथपीसवर टेकवले आणि फुंकलं. कवळीच हलली. सूर फाटला. परत तेच. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं, आणि आज हे असं. बायकोला, सुमनला म्हटलं, विकून टाकू हा सॅक्सोफोन.

ती आत गेली आणि वाटीत पाणी घेऊन आली.

"हे कशाला?"

"दात ठेवायला. जेवताना लावा, वाजवताना काढा."

दात पाडल्यापासून मी तिच्यासमोर तोंडावर रुमाल धरूनच वावरलोय. त्यामागची लाज तिला कळत असावी. वाटी ठेवून ती पाठमोरी झाली आणि भांडी लावत बसली.

कवळी वाटीत ठेवली. नुसत्या हिरड्यांवर ओठ दुमडून फुंकलं. सूर बारीक लागला, थरथरला, पण फाटला नाही.

तेव्हा कुठे ती वळली.