ड्युटेरेटेड शेवटी टाकलं

३ मार्च, सोम. धुळे.
मावसबहिणीचं लग्न उरकून पहूरहून थेट लॅबमध्ये. बघते तर आमचा टेक्निशियन कल्पेश मास स्पेक्ट्रोमीटरपाशी, म्हणजे रक्तातलं औषध मोजायच्या यंत्रापाशी, ड्युटेरेटेड औषधाची कुपी (आमची ‘ड्यु.’) घेऊन उभा. रक्त गाळून, सुकवून तयार झालेल्या नळ्यांत ड्यु. टाकत होता. अगदी शेवटी. म्हणे लॅबच्या सरांनीच सांगितलंय, आधी टाकलं की फार लागतं, परदेशातून यायला महिने जातात.
शी. ड्यु. म्हणजे काय वेलदोड्याची पूड आहे, वरून भुरभुरायला? तेच औषध, फक्त थोडं जड. रक्तात सगळ्यांत आधी टाकायचं, म्हणजे गाळताना औषध जेवढं वाया जातं तेवढं तेही जातं आणि हिशेब जुळतो. शेवटी टाकलं की ते शाबूत, औषध अर्धवट. त्यात ज्या रेघेशी ताडून आकडा काढतो ती जुनीच ठेवलीय, ड्यु. आधी टाकून काढलेली. आकडा कमी येणार नाही तर काय होणार. कल्पेशला बोलले. त्याने पुढची नळी उचलली. त्याचं तरी काय चालतंय इथे.

५ मार्च, बुध.
व्हायचं ते होऊन बसलंय. मी नसताना शिंदखेड्याकडच्या एका पेशंटचा, अक्कांचा, रिपोर्ट गेला. एचआयव्हीच्या गोळीचं प्रमाण रक्तात कमी. त्यांच्या डॉक्टरांनी अर्थ काढला, अक्का गोळ्या घेत नाहीत. आज सून त्यांना घेऊन विचारायला आली. व्हरांड्यात चारचौघांत सांगत होती, म्हातारी गोळ्या फेकते. अक्का माझ्याकडे बघून अहिराणीत एवढंच म्हणाल्या, “मी रोज गोई खास, माय.”
सर केबिनमधून हललेसुद्धा नाहीत.

६ मार्च
अक्कांचा उरलेला नमुना फ्रीजरमध्ये सापडला. ड्यु. आधी टाकून यंत्रावर चालवला. प्रमाण व्यवस्थित. पुन्हा चालवला. व्यवस्थित. बाई खरंच रोज गोळी घेते.
सरांपुढे ठेवलं. चष्मा पुसत म्हणाले, गेलेला रिपोर्ट परत बोलावला तर उद्या आपल्याकडे नमुने कोण पाठवेल? वर मलाच विचारतात, पोहे खाणार का. डबा तसाच घरी आणला.

११ मार्च, मंगळ.
शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लेखी द्या, सरांच्या सहीने. सर सही करणार आणि मी कलेक्टर होणार! गोळ्या चुकल्या की रोग दाद देत नाही, म्हणून अक्कांच्या गोळ्या बदलायचं चाललंय डॉक्टरांचं, जास्त त्रासाच्या द्यायच्या. त्याआधी एकदा रक्त पुन्हा तपासतो म्हणाले. तपासणार कुठे, तर आमच्याकडेच.
आईला सांगितलं. नोकरी सांभाळ म्हणाली. सगळ्यांचाच वीट आलाय, आणि उद्या परत त्याच खुर्चीत जाऊन…

१७ मार्च, सोम.
अक्का रक्त द्यायला आल्या. सून शेजारी उभी. मी दंडाला बांधायचा पट्टा घेतला, तेवढ्यात अक्कांनी आपणहून आ केला. जीभ वर उचलून धरली, मला नीट दिसावं म्हणून. मला कळेचना. सून म्हणाली, गोळी दिली की गिळली का बघायला मी हल्ली तोंड उघडायला लावते, म्हणून सवय लागलीय.
पट्टा हातातच राहिला. म्हटलं, “अक्का, मिटा तोंड. तुम्ही गोळी घेताय. चूक आमच्या लॅबची आहे.”
सर माझ्या मागेच उभे होते.