तळलेल्या बटाट्यांची सकाळ

प्रिय लंबू,

फुटबॉल क्लबच्या पत्रकात तुझ्या नेमणुकीची बातमी वाचली. युवा विभागाचा प्रमुख झालास. फोटोत टाय लावून उभा आहेस, गाठ अजून वाकडीच. काकांना भिंगातून दाखवली, त्यांनाही ती वाकडीच दिसली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवस झाले, पत्र लिहायला बसते आणि उठते. गुडघे कुरकुरतात, जिन्यात मध्येच थांबावं लागतं, आणि तुझ्या वरच्या खोलीत अजूनही क्लबचा मुलगा राहतोच आहे. तुझ्यानंतरचा आठवा. हा झोपेत लाथा मारतो, भिंतीचा रंग पार गेला.

क्लबची रीत मी तुला काय सांगणार. दहा-बारा वर्षांची पोरं निवडून आणायची, परगावची असली तर आमच्यासारख्यांच्या घरी ठेवायची. शाळा, सराव, उंची, वजन, सगळ्याची नोंद, आणि फ्रिजवर आहाराचा तक्ता. पुढे अठराखालचा संघ, मग दुसरा संघ, मग वर्षभर एखाद्या छोट्या क्लबकडे उसनं पाठवायचं. एवढ्या चाळण्या लावल्यावर मुख्य संघात पोचतो पन्नासांतला एखादा. सगळं पोरांच्या भल्यासाठीच आहे, असं मी प्रत्येकाच्या आईला फोनवर सांगत आले. आता सांगताना जीभ जड होते.

तुझी क्लबातली शेवटची सकाळ आठवते ना? आदल्या दिवशी मुख्य संघाला सरावात एक गडी कमी पडला म्हणून तुला बोलावलं होतं. घरी आलास तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. तुझ्या पासवर कप्तानानं नुसती मान हलवली होती, ती तू मला चार वेळा हलवून दाखवलीस. दुसऱ्या दिवशी मी नाश्त्याला बटाटे तळले. तळलेलं काहीच तक्त्यात बसत नव्हतं. तुला वाटलं, मावशी कालचं कौतुक करतेय. दोनदा मागून घेतलेस, बोटं चाटलीस, बूट खांद्यावर टाकून शीळ घालत गेलास. दुपारी आलास तेव्हा क्लबनं तुला सोडलं होतं, संघातून नाव कमी. बूट दाराबाहेरच ठेवलेस आणि बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसलास. मी बाहेर उभी होते.

लंबू, मला सकाळीच ठाऊक होतं. तू आंघोळीला गेला होतास आणि ऑफिसातून फोन आला. ज्याला सोडायचं, तो ज्या घरी राहतो तिथं आधी कळवायचं, ही त्यांची पद्धत. दुपारी घरी थांबा, लक्ष ठेवा, त्याच्या आवडीचं काहीतरी करा, आणि त्याच्यापाशी अवाक्षर काढू नका. मी तोंडाला कुलूप लावलं आणि बटाटे चिरायला घेतले. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात. तुला उठवणार हे माहीत असून मी वाढत बसले होते.

तुझ्यानंतर तसा फोन सहा वेळा आला. एकच जण मुख्य संघात गेला, त्याला आम्ही टीव्हीवर बघतो. सहाही वेळा मी गप्प राहिले, फक्त बटाटे पुन्हा कधी तळले नाहीत. तू माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करतोस आणि त्या बटाट्यांची आठवण काढतोस, तशी चव कुठेच नाही म्हणतोस. सतरा वर्षं मी त्यावर हसते आहे. फोन ठेवला की लाज वाटते रे.

हे आज लिहिते आहे, कारण शुक्रवारी ठेवायच्या-सोडायच्या पोरांची यादी लागणार, वरच्या खोलीतल्याला अठरा पूर्ण झाली, आणि आता तो फोन तुझ्या हातात आहे. त्याला ठेवायचं की सोडायचं, यात मी नाक खुपसणार नाही, ते तुला कळतं. पण सोडणार असशील तर मला आधी फोन करू नकोस, मी उचलणार नाही. त्याला समोर बसवून आधी त्यालाच सांग. मग त्याला घेऊन घरी ये, चालत ये, वाटेत बोलेल तो. आणि ठेवणार असलास तरी ये. बटाटे आणून ठेवले आहेत, तुम्हा दोघांना पुरतील.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच,
मावशी